आधी विचारलंस का?

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि खरं सांगतो, जीव कासावीस झाला. ऑफिसातली कल्चरल कमिटी गळ्यात पडली म्हणून तू दिवाळीच्या मेलमधून दिवाळी हा शब्दच काढलास, 'सणासुदीच्या हंगामाच्या शुभेच्छा' असं केलंस, फराळाला फेस्टिव्ह स्नॅक्स केलंस, रांगोळी स्पर्धेत 'धार्मिक चिन्हं नकोत' असा नियम टाकलास, आणि एवढं करून सगळेच नाराज. एक म्हणतो आमचा सण पुसलास. दुसरी म्हणते आमच्या नावावर कशाला बिल फाडतेस, आम्ही तर काही म्हटलंच नव्हतं. आणि आता तू मला विचारतेयस की कोणालाच वाईट वाटू नये म्हणून नक्की काय करायचं.

सगळ्यांना सामावून घ्यावं, कोणावर काही लादू नये, हे तुला सांगायची गरज नाही, ते तू घरातूनच घेऊन आलीयस. मला एकच विचारायचंय. ज्यांना वाईट वाटेल म्हणून हे सगळं केलंस, त्यातल्या एकाला तरी आधी विचारलंस का? तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये 'वाटलं असतं', 'आवडलं नसतं', 'खटकलं असतं' हेच आहे. कोण बोललं, काय बोललं, याची एक ओळ नाही. तू दुसऱ्याच्या वतीनं दुखावून घेतलंस आणि दुसऱ्याच्याच वतीनं निर्णयही घेतलास, आणि हे मला फार खुपतं, कारण माझी अख्खी नोकरी मी हेच बघत आलोय.

तो मेलचा साचा परदेशातल्या ऑफिसकडून आला असं लिहिलंयस. त्यांना नावं ठेवू नकोस. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगपासून न्यू इयरपर्यंत सलग सणांचे दिवस, त्यातच ख्रिसमस, बहुतेक त्यातच ज्यू लोकांचा हनुका, समोरचा अनोळखी माणूस काय साजरं करतो ते माहीत नाही, तर 'हॅपी हॉलिडेज' म्हणायचं, तिथे त्याला काही अर्थ आहे. पण आपल्याकडे असा एक हंगाम आहे का? ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरून येते, पारशी नवरोज ऑगस्टमध्ये, बुद्धपौर्णिमा वैशाखात, नाताळ डिसेंबरात. मग ऑक्टोबरच्या मेलमधून दिवाळी काढली तर आत कोण आलं? कोणीच नाही. फक्त दिवाळी बाहेर गेली. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या कौन्सिलनं 1997 मध्ये थंडीतल्या सगळ्या कार्यक्रमांना मिळून विंटरव्हल असं नाव दिलं होतं. त्यात ख्रिसमसही होता, दिवाळीही होती, कशावरच बंदी नव्हती, पण 'ख्रिसमस बंद केला' अशी ओरड झाली ती पुढे कित्येक वर्षं पेपरवाले उगाळत बसले. आणि त्यात बदनाम कोण झालं, तर ज्यांनी कधी काही मागितलंच नव्हतं ते मुसलमान आणि हिंदू. तुझ्या टीममधली ती मुलगी 'आमच्या नावावर बिल फाडू नकोस' म्हणाली ना, ती याच भीतीनं म्हणाली.

आता मुंबईत काय झालं ते बघ. मुसलमानांचा महिना चंद्र दिसला की सुरू होतो, आपलाही अमावास्येनंतर. त्यामुळे ज्या वर्षी रबिउल अव्वल भाद्रपदात येतो त्या वर्षी त्यांची बारा तारीख, म्हणजे पैगंबरांच्या जन्माची ईद-ए-मिलाद, आणि आपली अनंत चतुर्दशी एकमेकींना चिकटूनच येणार, चंद्रच एक आहे. 2023 ला दोन्ही एकाच दिवशी आले, 28 सप्टेंबरला. रस्त्यावर लाखो माणूस विसर्जनाला आणि त्याच भागातून ईद-ए-मिलादचा जुलूस. काय केलं? मुस्लिम संघटनांची माणसं भायखळ्याच्या खिलाफत हाउसमध्ये बसली, आपसात बोलली, पोलिसांशी बोलली, आणि जुलूस 29 ला काढायचा असं त्यांनी स्वतः ठरवलं. सरकारनं 29 ची सुट्टी दिली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, जुलूस 18 सप्टेंबरला. 2025 ला पुन्हा, 8 सप्टेंबरला. तीन वर्षं लागोपाठ. कोणी गणपतीचं नाव 'भाद्रपद उत्सव' केलं नाही आणि कोणी जुलूसला 'सामाजिक रॅली' म्हटलं नाही. ज्यांचा सण त्यांनी ठरवलं. हेच मंत्रालयातल्या एखाद्या साहेबानं परस्पर ठरवून सर्क्युलर काढलं असतं तर काय झालं असतं, तू विचार कर. तारीख तीच असती पण अपमान झाला असता.

तारीख तीच, पण विचारून आणि न विचारता यात एवढा फरक पडतो. हे मी तुला परत परत सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

माझं सांगतो. मी कारखान्यात लेबर वेल्फेअरला होतो हे तुला माहितीच आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शॉपफ्लोअरवर मशीन धुवायची पद्धत. एरवी लोखंडाच्या चिप्सचे ढीग आणि कूलंटचा वास, त्या दिवशी रॉकेल आणि कॉटन वेस्ट घेऊन प्रत्येकजण आपापल्या मशीनखाली आडवा, लेथचा बेड आरशासारखा होईपर्यंत पुसायचे, मग लेथच्या चकला, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याला, झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, आणि जाताना बुंदीचा पुडा. आता या लायनीत एक मुसलमान टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, होता, आणि ग्राइंडिंगला एक बौद्ध कामगार. माझ्या आधीच्या लोकांनी काय ठरवलं होतं, तर या दोघांना 'चालत नसणार', म्हणून त्या दिवशी त्यांना दुसऱ्या शिफ्टला टाकायचं. अगदी चांगल्या मनानं बरं का, त्यांना अवघड वाटू नये म्हणून. मी आल्यावर दोघांशी वेगवेगळं बोललो, चहाच्या टपरीवर, ऑफिसात बोलवून नाही. टर्नर म्हणाला, साहेब, वर्षभर हे मशीन मी चालवतो आणि त्याची सफाई दुसरा करतो हे मला आवडत नाही, हारही मीच घालीन, फक्त कुंकू आणि नारळ शेजारच्याला करू द्या, खोबरं मात्र मला पाहिजे. ग्राइंडरवाल्याचं वेगळं होतं. तो म्हणाला, मला पूजा नको, मी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा मानतो, माझ्या मशीनला कुंकू लावू नका. पण दसऱ्याला मला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं असतं, 1956 ला त्याच दिवशी धम्मदीक्षा झाली, तर तुम्ही मला शिफ्ट बदलून देता त्याऐवजी सुट्टी द्या. आणि तो बुंदीचा पुडा कामगारांचा आहे की देवाचा? कामगारांचा असेल तर यादीतून माझं नाव कोणी काढलं?

बघ, वर्षानुवर्षं त्याचं नाव यादीतून कापलं जात होतं आणि कापणाऱ्याला वाटत होतं आपण त्याच्या भावना जपतोय. त्याला हवी होती सुट्टी, मिळत होती दुसरी शिफ्ट. त्याला नको होतं कुंकू, आणि गेला होता पुडा. एवढं सगळं उलटं झालं ते केवळ कोणी विचारलं नाही म्हणून. आणि दोघांची उत्तरंही एक नव्हती, हेही ध्यानात घे, म्हणजे 'मायनॉरिटीला काय वाटतं' असा ठोक प्रश्नच नसतो, या माणसाला काय वाटतं एवढाच असतो.

पुढे मी दुसऱ्या कंपनीत गेलो, तिचं नाव इथे नको. तिथे वरून कागद आला की कामाच्या जागी कुठलाही धार्मिक विधी नको, सर्वांसाठी एकच 'एम्प्लॉयी डे'. मी विरोधात नोट लिहिली. त्यात पूजा चालू ठेवा असं लिहिलं नव्हतं, कामगारांना विचारा एवढंच लिहिलं होतं. साहेब म्हणाले तुम्ही धर्म आणताय. युनियनवाले म्हणाले तुम्ही मालकाचे, हे नाटक आहे. घरी भाऊ म्हणाला, तुला मुसलमानांचा फार पुळका. एकाच नोटवर ही तीन बिरुदं! मला आजही वाटतं मी बरोबर होतो आणि हे मी तुला समजावतोय की स्वतःला, ते तू ठरव, पण बरोबर होतो. त्या कारखान्यात खंडेनवमी बंद झाली ती झालीच. एम्प्लॉयी डेला डीजे लावायचे, हाउसकीपिंगवाले मशीन पुसायचे. मला हळहळ पूजेची नाही गं, मी स्वतः फार पूजापाठ करणारा नाही. हळहळ याची आहे की कोणाला काय चालतं, काय नाही हे जे आम्हा सगळ्यांना एकमेकांबद्दल माहीत असायचं, ते नंतर आलेल्या पोरांना माहीतच नव्हतं. विचारायचं कारणच उरलं नाही ना.

आपल्या कोकणात बघ, रायगडकडे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यांच्या सणांची नावं बघ, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण, सगळी अस्सल मराठी. गावाला माहीत होतं शनिवारी तेल मिळणार नाही, शुक्रवारी घेऊन ठेवायचं. संपलं.

आता तू म्हणशील, काका, विचारलं तर लोक खरं सांगतच नाहीत, चारचौघांत एकटा पडलेला माणूस 'चालेल चालेल'च म्हणतो. बरोबर आहे, आणि हा तुझ्या मेसेजमधला मला सगळ्यात पटलेला मुद्दा. म्हणून कसं विचारायचं ते नीट ऐक. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर 'कोणाला काही प्रॉब्लेम नाही ना?' असं विचारणं म्हणजे विचारणं नव्हे, त्याला एकच उत्तर असतं. एकट्याला गाठायचं, हातात चहा असताना, आणि नेमकं विचारायचं. आरतीच्या वेळी तू आत थांबतोस की बाहेर जायला बरं वाटतं? रोजाच्या महिन्यात संध्याकाळची स्टँडअप मीटिंग कधी ठेवू? प्रसाद घेतोस का, की नुसतं फळ ठेवू? आणि तो नाही म्हणाला तर 'का?' विचारायचं नाही. नाही म्हणून झाल्यावरही त्याला डब्याला बरोबर बोलवायचं. नाही म्हणायची सोय ठेवलीस तरच त्याच्या हो ला किंमत आहे.

आणि तुला यासाठी माझा शब्द नको, कायदाच घे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठ पगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी आपसात ठरवायच्या असं लिहिलंय. आपसात! तुमच्या ऑफिसात ती यादी कोण करतं? एचआर मागच्या वर्षीची कॉपी पेस्ट करतं, हो ना? कमिटीनं रांगोळीच्या नियमांवर जेवढा वेळ घालवला त्याच्या निम्मा या चार दिवसांवर घालवा.

कारण तुझ्या मेसेजमध्ये एक ओळ तू सहज लिहून गेलीस आणि मी तिथेच अडकलो. डिसेंबरात ट्री लावतो, सिक्रेट सांटा असतो, लाल टोप्या असतात, 'त्यावर कधीच कोणाचं ऑब्जेक्शन नसतं कारण ते न्यूट्रल आहे'. अगं न्यूट्रल कोणाला? तुझ्याच टीममधली वसईची ख्रिश्चन मुलगी, तुझ्या बाजूच्या डेस्कवरची, तिला गेल्या नाताळात 24 च्या रात्री सॉफ्टवेअरची रिलीज होती म्हणून कॉलवर बसवलंत, असं तूच खाली लिहिलंयस. चर्चमध्ये मिस्साला, प्रार्थनेला जायची वेळ ती, गावात पोरांनी येशूजन्माचा गोठा केलेला असतो, घरात सगळे जमलेले असतात, आणि ती लॅपटॉपसमोर, मागे तुमचा ट्री चमकतोय. तिच्या सणाची टोपी तुम्ही सगळ्यांनी घातली आणि तिची रात्र तिला दिली नाही. तिनं ऑब्जेक्शन घेतलं नाही कारण कोणी विचारलं नाही. कोणाला वाईट वाटू नये म्हणून तू दिवाळी पुसत बसलीस आणि जिला खरोखर काही हवं होतं ती शेजारी बसली होती. हे वाचून तुला राग येईल, येऊ दे. तू मनानं चांगली आहेस म्हणूनच एवढं लिहितोय, नाहीतर दोन ओळीत 'छान चाललंय' म्हणून मोकळा झालो असतो.

तेव्हा दिवाळीच्या मेलची माफीबिफी मागत नवीन मेल टाकू नकोस, अजून गोंधळ होईल. पुढच्या सणाला सणाचं नाव लिही, ज्याचा असेल त्याचं. रांगोळीचा नियम काढून टाक, कोणी स्वस्तिक काढेल, कोणी मोर काढेल. रोजाचा महिना येईल तेव्हा त्या टेस्टिंगवाल्या मुलाला तूच भेट, त्याच्यासाठी इफ्तार पार्टी ठेवायचं परस्पर ठरवून टाकू नकोस, त्याला कदाचित तासभर लवकर घरी जायला मिळालं तर पुरे असेल. विचार आधी.

आणि उद्याच त्या वसईच्या मुलीबरोबर चहा घे. या वर्षीच्या 24 डिसेंबरचा ड्यूटीचा रोस्टर अजून लागला नाही म्हणालीस ना? मग तो लागायच्या आधी. ती काय म्हणाली ते मला फोन करून सांग, मेसेज नको, दुपारी चारनंतर कर.

तुझा,
काका