श्वासाच्या ध्यानाने माजी सैनिकाचा पीटीएसडी जातो का? गोळ्या बंद करता येतील का?

तुम्ही लिहिलंय की तुमचे दादा सैन्यातून निवृत्त होऊन आल्यापासून रात्री घामाघूम होऊन उठतात, दार आपटलं तरी अंगावर धावून येतात, डॉक्टरांनी पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आघाताचा आजार) सांगून गोळ्या चालू केल्यात आणि आता ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय की गोळ्या सोड, श्वासाचं ध्यान कर, महिनाभरात मोकळा होशील. तर आधी सरळ उत्तर देतो, ध्यान करू द्या, गोळ्या सोडू देऊ नका. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

मी समुपदेशनाचं काम करतो, माझ्याकडे लढाईतून किंवा तसल्याच ड्युटीवरून आलेली माणसं बऱ्यापैकी येतात. हा प्रश्न नेहमीचा आहे, फक्त विचारणारा बहुतेक वेळा घरचा माणूस असतो, सैनिक स्वतः क्वचितच विचारतो.

एक तर हे सगळं थोतांड आहे म्हणून उडवून लावण्यासारखं नक्कीच नाही. २०१४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या टीमने इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या २१ सैनिकांवर प्रयोग केला होता, ११ जणांना आठवडाभर रोज तीन तास सुदर्शन क्रिया, म्हणजे ठराविक लयीत संथ आणि वेगवान श्वास घेण्याची पद्धत, शिकवली आणि १० जणांना नुसतं वेटिंगवर ठेवलं. मला त्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी फक्त फॉर्म भरून घेतले नाहीत, अचानक मोठा आवाज सोडून पापणी किती जोरात मिटते तेही मोजलं, कारण फॉर्ममध्ये माणूस काहीही लिहू शकतो, पापणीचं तसं नसतं. शिकलेल्यांची लक्षणं चांगलीच खाली आली, बसल्या जागी श्वासाचा वेग उतरला, ज्यांचं दचकणं कमी झालं त्यांची ती सतत सावध राहण्याची लक्षणंही कमी झाली आणि वर्षाने पाहिलं तरी फायदा टिकून होता. पण २१ जणांवरून कुणी छातीठोक बोलू नये. सगळे पुरुष होते, आणि दुसऱ्या गटाला काहीच दिलं नव्हतं, त्यामुळे श्वासाचा परिणाम किती आणि रोज तीन तास आपल्यासारख्याच लोकांत बसण्याचा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही (माझा अंदाज विचाराल तर दुसऱ्याचा वाटा बराच असणार).

मग २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातून ८५ माजी सैनिकांवरचा अभ्यास आला आणि यावेळी समोर तगडा गडी होता, सीपीटी म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. यात घडलेल्या प्रसंगाबद्दल डोक्यात घट्ट बसलेले विचार, 'माझ्यामुळे तो मेला' वगैरे, एकेक करून तपासतात, साधारण १२ बैठका असतात. उपचार संपले तेव्हा क्रियेचा गट सीपीटीच्या मागे पडला नव्हता. मागे न पडणं म्हणजे पुढे जाणं नव्हे, पण व्हॉट्सॲपवर फिरता फिरता एवढा फरक कुठे टिकतोय. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या २०२३ च्या गाईडलाईनमध्ये अजूनही वरच्या जागेवर बोलण्याच्याच थेरपी आहेत, म्हणजे सीपीटी, प्रोलाँग्ड एक्सपोजर (घडलेला प्रसंग पुन्हा पुन्हा सांगून त्याची भीती उतरवणं) आणि ईएमडीआर (प्रसंग आठवताना डोळे डावी-उजवीकडे हलवायला लावणं).

आता श्वासाने नेमकं होतं काय? हे वाचण्यापेक्षा करून बघा. मनगटावर नाडी धरा, सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. घेताना ठोके किंचित जवळजवळ येतात, सोडताना लांब लांब पडतात. सोडताना व्हेगस नावाची नर्व्ह हृदयाला ब्रेक लावते म्हणून हे होतं. पीटीएसडीमध्ये हा ब्रेक ढिला असतो आणि अंगातला अलार्म मांजर गेलं तरी वाजणाऱ्या गाडीसारखा झालेला असतो, आणि तुमच्या दादांना 'अहो आता कसली भीती, घरीच आहात ना' असं कितीही समजावलं तरी तो ऐकत नाही कारण तो बोलण्यावर चालतच नाही. श्वास ही शरीराच्या अशा मोजक्या गोष्टींपैकी आहे ज्या आपोआपही चालतात आणि हातातही घेता येतात, म्हणून तिथून आत शिरता येतं. आपण एरवी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, ते सहाच्या आसपास आणले की हा ब्रेक सगळ्यात नीट लागतो.

पण श्वासाचं ध्यान म्हणून जे शिकवतात त्यात दोन अगदी उलट प्रकार असतात, आणि घोटाळा इथेच होतो. एक हा असा संथ, आणि दुसरा जोरजोरात, भराभर, भस्त्रिकेसारखा. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग बोटांना मुंग्या, डोकं हलकं, छातीत धडधड. तुम्हाआम्हाला ते जरा मजेशीर वाटेल, पण ज्याला पॅनिक अटॅक येऊन गेलेत त्याच्या शरीराला ही सगळी खूण ओळखीची असते आणि ते सरळ मागच्या जागी जाऊन पोचतं. सुदर्शन क्रियेतही वेगवान भाग आहे, आणि वर सांगितलेल्या प्रयोगांत तो शिकलेल्या माणसांनी समोर बसून करून घेतला होता, यूट्यूब लावून नाही. स्फोटात डोक्याला मार बसलेला असेल, फिट येत असेल, बीपी ताब्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल किंवा बायपोलर असेल तर भराभर प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. पहिला मुद्दा सैनिकाच्या बाबतीत हमखास विचारा, कारण 'डोक्याला काही लागलं नव्हतं' असं ते सांगतात आणि नंतर कळतं की जवळच स्फोट होऊन काही क्षण शुद्ध गेली होती.

डोळे मिटणं हीसुद्धा साधी गोष्ट नाही. एक गृहस्थ आले होते, खुर्ची त्यांनी आल्या आल्या भिंतीला टेकवून दाराकडे तोंड करून घेतली आणि कुठल्या तरी शिबिरात शिकलेलं ध्यान मला करून दाखवायला लागले. डोळे मिटले, काही श्वास झाले आणि खुर्चीच्या हातावरची बोटं पांढरी पडली, जबडा आवळला, श्वास वरच्या वर अडकला. शिबिरात 'मन शांत होत नाही म्हणजे तुमची श्रद्धा कमी' असं ऐकवलं होतं त्यांना. मी म्हटलं डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवा, दाराच्या कडीकडे बघा, आणि श्वास कसा घ्यायचा ते सोडूनच द्या, फक्त ओठ जवळ आणून हळू सोडत राहा. थोड्या वेळाने खांदे खाली आले. 'एवढंच?' म्हणाले, जरा रागातच.

तेव्हा दादांना सुरुवात करायची तर अशीच, डोळे उघडे, पाठीला भिंत, दार दिसेल अशी जागा, पाचेक मिनिटं, सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त. श्वास रोखायचा नाही. आणि हे त्रास नसताना करायचं, सकाळी चहाच्या आधी वगैरे, कारण शरीराला ते आधी पाठ झालेलं नसेल तर रात्री दोनला घाबरून उठल्यावर आठवणार नाही. तुम्ही मागे लागू नका. 'दादा, श्वास घ्या श्वास घ्या' असं भडकलेल्या माणसाला सांगितलं की तो जास्तच भडकतो, त्यापेक्षा तुम्ही स्वतः शेजारी बसून करा, त्यांना वाटलं तर करतील. करताना जास्त अस्वस्थ वाटलं तर थांबायचं, चालायचं, थंड पाण्याने तोंड धुवायचं. जबरदस्तीने पूर्ण करण्यात काही मर्दुमकी नाही.

आता माझं खरं म्हणणं. सैनिकांना श्वासाचं ध्यान आवडतं त्याचं मोठं कारण असं की त्यात काही सांगावं लागत नाही. बोलण्याच्या थेरपीत बरेच जण मधेच गळतात, कारण तिथे तो दिवस पुन्हा काढावा लागतो, कोण होतं, काय दिसलं, मी काय केलं. श्वासात कुणी काही विचारत नाही. त्यामुळे जो माणूस डॉक्टरच्या दारात पाय ठेवायला तयार नाही तोही इथे येऊन बसतो, आणि मला विचाराल तर या पद्धतीचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. पण टाळणं हे पीटीएसडीचं लक्षणच आहे हो. त्या रस्त्याने जायचं नाही, त्या मित्राचा फोन घ्यायचा नाही, दारू घेऊन झोपायचं. ध्यानही त्याच यादीत जाऊन बसू शकतं, आठवण आली की लगेच श्वास सुरू, आठवण दाबली, झालं. प्रोलाँग्ड एक्सपोजरमध्ये पहिल्याच बैठकीत संथ श्वास शिकवतात, पण प्रसंग सांगताना मात्र तो वापरू नका म्हणतात, कारण श्वासाचा आधार न घेताही भीती आपसूक उतरते हे त्या माणसाला कळायला हवं असतं. म्हणून मी बघतो ते असं की ध्यान सुरू केल्यावर माणसाचं जग मोठं होतंय का. झोप सुधारली, लग्नाकार्यात जायला लागले, जुन्या युनिटच्या माणसाशी बोलले, तर छान चाललंय. रोज तासभर ध्यान करतात पण खोलीबाहेर पडत नाहीत, तर काहीतरी अडलंय.

गोळ्यांचं म्हणाल तर पीटीएसडीला बहुतेक सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन किंवा व्हेनलाफॅक्सीन यातलं काहीतरी देतात. या अचानक बंद केल्या की चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, चिडचिड, विचित्र स्वप्नं असं सगळं होतं, आणि घरचे समजतात आजार उलटला. कमी करायच्याच असतील तर डॉक्टर हळूहळू उतरवतात, आणि ध्यान चालू आहे हे त्यांना सांगा, बहुतेक डॉक्टर खूशच होतात. झोपेसाठी अल्प्राझोलामसारखी गोळी कुणी परस्पर चालू केली असेल तर तेही सांगा, पीटीएसडीत ती नको असं वरच्याच गाईडलाईनमध्ये स्पष्ट आहे, पण तीही एकदम तोडायची नसते. जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागले तर ध्यानबिन सगळं बाजूला, त्याच दिवशी डॉक्टर, आणि घरात बंदूक असेल तर ती आधी बाहेर काढा.

अजून एक, हे कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. वहिनींना विचारा, दादा जोरात घोरतात का, झोपेत मधेच श्वास थांबून मग हिसका देऊन सुरू होतो का. झोपेत असा श्वास थांबण्याचा आजार, स्लीप ॲप्निया, माजी सैनिकांत भरपूर सापडतो, आणि त्याचं सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) नीट लावल्यावर भयानक स्वप्नं कमी झाल्याचं पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांत दिसलंय. पुढच्या व्हिजिटला झोपेच्या तपासणीचं तेवढं विचारून घ्या.