गणेश वर्गात बोलत का नव्हता?

“ताई, सहा महिने तिकडं, सहा महिने इकडं. याच्या डोक्यात काही बसंना. कशाला शाळा? कोयत्याला लावतो.” ऊसतोडीला आलेल्या बापांकडून हे मी दर हंगामात ऐकते.

गणेश (नाव बदललं आहे) जालना जिल्ह्यातला, दहा वर्षांचा. दिवाळीनंतर कोल्हापूरकडच्या एका शाळेत चौथीत बसवलेला. तीन आठवडे तोंडातून शब्द नाही, तिसऱ्या तासाला मान पुस्तकावर. गुरुजींना वाटलं, मतिमंद असावा. मीही पहिल्याच भेटीत वाचनाचा उतारा पुढे ठेवला. माझी चूकच. तो नुसता कागदाकडे बघत राहिला.

मग एका संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर गेले. धाकटी बहीण मांडीवर, समोर चूल, आणि हा बापाला तोंडी हिशोब सांगतोय: आठवड्यात किती टन ऊस गेला, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली किती उचल फिटली, किती राहिली. एकदाही अडला नाही. पहाटे तीनला आईबाप फडात गेले की बहीण याच्याकडे. वर्गात झोप येईल नाहीतर काय!

न बोलण्याचं कारण चौथ्या भेटीत कळलं. पहिल्या दिवशी गुरुजींनी उभं राहायला सांगितलं, तेव्हा यानं “काहून?” म्हणजे त्याच्या बोलीत “का?” विचारलं होतं. वर्ग खो खो हसला. तेव्हापासून पोरं त्याला ‘काहून’च म्हणायची.

गुरुजींना म्हटलं, चाचण्या राहू द्या, आधी झोप आणि बोली बघू. तीन वर्षांची बहीण अंगणवाडीत जाऊ लागली. गुरुजींनी एकदा टायरगाडीच्या वजनाचं गणित गणेशलाच फळ्यावर मांडायला दिलं. गावातली पोरंही उसातलीच, त्यांनी लगेच प्रश्न विचारले. उत्तरं देता देता तो बोलू लागला. वाचन मात्र अजून दुसरीच्या पोरासारखं अडखळतं. ते एका हंगामात भरून निघणारं नव्हतं.

वडिलांना आणखी एक धास्ती होती, आधीची शाळा सोडल्याचा दाखला नसल्याची. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. निघताना शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे गावच्या गुरुजींना पोर कुठवर शिकलंय ते कळतं.

कारखाना बंद झाला, तेव्हा बापलेक कार्ड न्यायला आले. पुढच्या साली पोराला गावी आजीपाशी ठेवायचं वडिलांच्या मनात होतं. मी हंगामी वसतिगृहाचं सांगितलं, आईबाप तोडीला गेले की पोरांची गावातच सोय होते ते. दसऱ्याआधीच गावच्या शाळेत नाव द्या म्हटलं. गणेश कार्डाची घडी घालत होता.

“मंग हिला कोण पाहील?”