सापेक्ष वंचितता आणि हेवा

प्रश्न : आंदोलनांत अगदी हलाखीत जगणाऱ्यांपेक्षा थोडीफार शिकलेली, कमावती माणसेच पुढे दिसतात. मुलीच्या पाठ्यपुस्तकात याचे कारण ‘सापेक्ष वंचितता’ असे दिले आहे. दुसऱ्याशी तुलना करून वाटणारा हा हेवाच नव्हे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपले निरीक्षण पुष्कळ अंशी बरोबर आहे, ‘हेवा’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. आपल्याला काय मिळाले हे माणूस आपल्या न्याय्य वाट्याशी ताडून पाहतो, आणि तो वाटा सोबतच्यांकडे पाहून ठरवतो. त्या मानाने आपल्याला कमी मिळाले ही जाणीव म्हणजेच सापेक्ष वंचितता. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत, बढत्या भराभर मिळणाऱ्या हवाई दलात बढतीविषयी नाराजी अधिक आढळली, तर जिथे त्या क्वचितच मिळत त्या लष्करी पोलिसांत ती कमी होती; कारण हवाई दलात मागे राहिलेल्याला बढती मिळालेले सोबती सतत दिसत.

महाडचा सत्याग्रह या दृष्टीने पाहावा. चवदार तळ्याची बंदी पिढ्यान्‌पिढ्यांची होती. परंतु सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरीही तिथे पाणी भरता येईना, तेव्हा त्या जुन्या बंदीचा अर्थच बदलला. आता नाकारले जात होते ते कागदावर मान्य झालेले हक्काचे पाणी. शिवाय या भागात पलटणीत राहून आलेले महार पेन्शनर आणि त्यांची शिकलेली मुले होती, ज्यांच्यासाठी सैन्यभरतीचे दार १८९० च्या दशकातच बंद झाले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्याकडे चालत गेले. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले, की केवळ पाणी पिण्यासाठी नव्हे, तर इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे आहे. याला हेवा कसे म्हणावे?

‘मी मागे राहिलो’ असे वाटणारा माणूस बहुधा एकट्याने धडपडतो. ‘आम्हाला मागे ठेवले’ हे उमगले, की तो संघटनेकडे वळतो. तरीही केवळ सल असून भागत नाही, तो तर सर्वत्र असतो. महाडला रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते होते, १९२४ मध्ये स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा ही बाबासाहेबांची संघटना होती. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरात हजारो लोक पुन्हा महाडला जमले.