तीन खिडक्यांची खोली

प्रिय,

तुझी यादी पोचली. एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी सतरा जुने इंग्रजी शब्द, आणि खाली प्रश्न: कथेतली बाई वर्षभर फ्लॅटबाहेर पडलेली नाही, तर तिला यातलं काय म्हणू?

'सॉलिव्हॅगंट' आधी बाजूला ठेव. लॅटिनमधलं 'एकटा' आणि 'भटकणं' जोडून घडवलेला शब्द. कानाला गोड आहे, पण तुझी बाई भटकत कुठे आहे? शिवाय तो बोलण्यात कधी रुळलाच नाही. ज्या शब्दात कुणीतरी राहून गेलंय, असा शब्द शोध.

'अँकराइट' तसा आहे. मुळात ग्रीक, अर्थ मागे सरणारा. पण मध्ययुगीन इंग्लंडमधला अँकराइट रानात जात नसे. भरवस्तीतल्या चर्चच्या भिंतीला लागून एक खोली, तीत स्वतःला जन्मभरासाठी कोंडून घ्यायचं. यात बायकाच जास्त. आत जाताना मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणत, म्हणजे जगाच्या लेखी ती मेलीच. खोलीला साधारण तीन खिडक्या: एक चर्चमध्ये उघडणारी, एक मोलकरणीकडून जेवण आत घ्यायला, आणि एक बाहेरच्यांशी बोलायला, पडदा लावलेली. नॉरिचची ज्युलियन अशीच राहिली. १३७३ च्या मे महिन्यात मरणाच्या दारात असताना तिला जे दिसलं, ते तिने लिहून ठेवलं. बाईने इंग्रजीत लिहिलेलं, आज हाती असलेलं ते सर्वांत जुनं पुस्तक मानतात. आणि गंमत बघ, मार्जरी केंप नावाची बाई लिन गावाहून तिच्याकडे सल्ला विचारायला आली, तर दोघींचं बोलणं कित्येक दिवस चाललं!

या बायकांसाठी तेराव्या शतकात लिहिलेला एक नियमग्रंथ आहे. त्यात म्हटलंय, जनावर पाळू नका, मांजर तेवढं चालेल. का? तर गाय ठेवली की वैरणीची काळजी आली, गावच्या शेतांच्या राखणदाराची मनधरणी आली, त्याने गाय कोंडवाड्यात घातली की शिव्याशाप आले, आणि वर नुकसानभरपाई भरायची ती भरायचीच. लिहिणाऱ्याने गाव पाहिलेलं होतं, एवढं नक्की. त्याच ग्रंथात अँकरेस (म्हणजे बाई अँकराइट) आणि जहाजाचा अँकर यांवर श्लेषही केलाय: चर्च बुडू नये म्हणून त्याच्याखाली टाकलेला नांगर.

'हर्मिट' निराळा. त्याच्या मुळाशी ओसाड जागा आहे. तो माणसांपासून लांब निघून जातो. 'रेक्लूज'ची कथा तर उलटीच. त्याच्या लॅटिन क्रियापदाचा जुना अर्थ 'उघडणं', पुढे तो पालटून 'कोंडणं' झाला. एका भाषांतरातल्या बाईसाठी हा शब्द मी 'माणूसघाणी' केला होता. संपादकाने समासात लिहिलं, "हिला माणसांचा वीट कुठे आलाय?" बरोबर होतं. 'एकलकोंडी'ही बसेना; तो स्वभाव झाला, हिने तर ठरवून दार लावलं होतं. शेवटी शब्द सोडून दिला आणि दाराचंच वाक्य लिहिलं.

तुझा मसुदा पुन्हा वाचला. चौथ्या मजल्यावरच्या त्या बाईला डबा कोण आणून देतं, तो दारातून घेते की जाळीतून, तिच्याशी कोण बोलायला येतं, यातलं काहीच त्यात नाही. ते आधी लिही. नावाचं मग बघू. आणि मांजर हवं असेल तर खुशाल ठेव.

तुझी,
मावशी