प्रकाशाखाली पेरोव्हस्काइटचा एक्सआरडी घेताना

पेरोव्हस्काइट (सौरघटांत वापरतात तो स्फटिकी पदार्थ) फिल्मचा एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाचा आलेख, आधी अंधारात घे, मग प्रकाशात, मग पुन्हा अंधारात. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड-ब्रोमाइड या पेरोव्हस्काइटमध्ये ब्रोमाइड साधारण 20 टक्क्यांच्या वर गेलं की प्रकाशात हॅलाइड (आयोडाइड आणि ब्रोमाइड) एकमेकांपासून वेगळे होऊ लागतात: एक्सआरडीत एका शिखराची दोन होतात, पीएलमध्ये (फिल्म प्रकाश शोषून जो प्रकाश परत सोडते त्याच्या वर्णपटात) 1.68 इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ नवं शिखर उगवतं. अंधारात काही मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तर हॅलाइड वेगळे झाले होते हे नक्की. शिखर नुसतंच कमी कोनाकडे सरकलं तर हुरळून जाऊ नकोस. दिव्याच्या उष्णतेनंही स्फटिकजाळी फुगते. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) फिल्मला खेटूनच लाव, स्टेजचं, म्हणजे नमुना ठेवायच्या बैठकीचं, तापमान फसवं असतं. आणि मुंबईच्या दमट जुलैत उघडी फिल्म मोजायचीच नाही! पीएमएमए या पारदर्शक प्लास्टिकचा थर ग्लोव्हबॉक्समध्येच (हातमोजे लावलेल्या बंद, कोरड्या पेटीतच) दे. तांब्याच्या एक्स-रे नळीवर 12.7 अंशांपाशी आधी नसलेलं शिखर आलं, तर ते पेरोव्हस्काइट मोडून सुटलेलं लेड आयोडाइड. फिल्म गेली, नवी बनव.