पहिल्या वर्षात शाश्वत शेती कुठे आहे?

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाश्वत शेतीत काम करायचं या ओढीने तू कृषी पदवीला प्रवेश घेतलास. आता चार महिने झालेत आणि तू लिहितेस, ‘वेळापत्रकात मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र आहे. ज्यासाठी आले तो शब्दच कुणी उच्चारत नाही. उलट एका प्राध्यापकांनी अख्खा तास रासायनिक खतांवर शिकवलं.’ घरात कुणी शेती केलेली नाही, त्यामुळे वर्गात आपण मागे पडलोय असंही तुला वाटतं. पदवी सोडून तीन महिन्यांचा सेंद्रिय शेतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा का, हा तुझा प्रश्न. ‘यातून नोकरी कसली लागणार?’ हा बाबांचा.

आधी उत्तर देते, मग कारणं. पदवी सोडू नकोस. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम सुट्टीत जरूर कर, पण पदवीच्या बदल्यात नको. तुला जे हवंय ते तुझ्या वेळापत्रकात आहे. फक्त ते वेगवेगळ्या तासांमध्ये विखुरलंय आणि ते एकत्र कसं बांधायचं हे अजून कुणी दाखवलेलं नाही.

एखादं शेत शाश्वत आहे का, हे बांधावर उभं राहून कळत नाही. पीक हिरवंगार दिसतं आणि खालची माती दरवर्षी थोडी थोडी रोडावत असते. ते मोजावं लागतं, आणि एका हंगामात मोजून भागत नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथल्या कृषी संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क नावाचं शेत आहे. जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये तिथे गहू पेरला आणि तो प्रयोग आजही चालू आहे. एका पट्ट्याला दरवर्षी शेणखत, काहींना वेगवेगळ्या मात्रेत रासायनिक खतं आणि एका पट्ट्याला काहीच नाही. काहीच न दिलेला पट्टा अजूनही हेक्टरी साधारण एक टन धान्य देतो. शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणातून मातीत साठलेला कार्बन, दुपटीहून अधिक झालाय. इथवर वाचून तुला आनंद होईल. पण त्याच पट्ट्यातून नायट्रेट, म्हणजे नत्राचं (नायट्रोजनचं) पाण्यात विरघळणारं रूप, झिरपून वाया जाण्याचं प्रमाणही मोठं आहे. शेणखत कुजण्याचं काम पीक काढल्यानंतरही चालूच राहतं आणि त्या वेळी सुटलेलं नत्र घ्यायला शेतात मुळं नसतात. पावसाचं पाणी ते खाली घेऊन जातं.

या एका उदाहरणासाठी मी इतकी जागा खर्च केली, कारण तुझ्या प्रश्नाचा गाभा त्यात आहे. शेणखत चांगलं की वाईट, या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही. किती दिलं, कधी दिलं, त्या वेळी जमिनीत पीक उभं होतं का, हे विचारलं की उत्तर मिळायला लागतं. तीन महिन्यांत शेणखत आणि कंपोस्ट करायला शिकता येतं, आणि ते कौशल्य मोलाचं आहे. पण ते दिल्यावर मातीत काय होतं हे सांगायला तुला रसायनशास्त्र लागेल, पाणी मातीतून कसं सरकतं हे लागेल आणि ज्या संख्याशास्त्राचा तुला कंटाळा येतोय तेही लागेल.

संख्याशास्त्राबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण ‘याचा शेतीशी काय संबंध’ असं तू विचारलंस. १९१९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर याच रॉथमस्टेडला आले, वर्षानुवर्षं साठलेल्या पिकांच्या नोंदींचा अर्थ लावायला. शेताचा एक कोपरा मुळातच सुपीक असतो, दुसऱ्यात पाणी साचतं. मग उत्पन्नातला फरक खताचा की जागेचा? या अडचणीतून त्यांनी प्लॉट चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून द्यायची आणि प्रत्येक उपचाराची (म्हणजे तपासायच्या खताची किंवा पद्धतीची) अनेक प्लॉटवर पुनरावृत्ती करायची पद्धत बसवली. ‘आमचं जैविक द्रावण फवारलं आणि उत्पन्न वाढलं’ असं कुणी सांगितलं, की तुझ्या तोंडून आपसूक प्रश्न यायला हवा: न फवारलेला प्लॉट कुठे होता आणि असे किती प्लॉट होते? शाश्वत शेतीच्या क्षेत्रात असे प्रश्न विचारणारी माणसं फार हवी आहेत. सद्भावना तिथे भरपूर आहे, मोजमाप कमी पडतं.

आता रासायनिक खतांचा तो तास. तो टाळण्यासारखा नव्हता. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करायची कृती जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली आणि १९१३ मध्ये तिचं कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचं अन्न या नत्रावर उभं आहे. ते कमी करायचं असेल, आणि माझ्या मते बऱ्याच ठिकाणी करायलाच हवं, तर त्याची जागा कोण घेणार याचा हिशेब मांडावा लागेल. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल यांनी १८८६ मध्ये मांडलं. शेतकरी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कडधान्याचा बेवड, म्हणजे आधीचं पीक कडधान्याचं असणं, चांगला म्हणत आले. पण दाणे काढून विकले की धरलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांबरोबरच शेताबाहेर जातो. आणि स्फुरद (फॉस्फरस) तर हवेत नसतंच. ते दाण्यातून गेलं की कुठून तरी परत आणावं लागतं. शेताच्या हद्दीतून बाहेर काय गेलं आणि आत काय आलं, हा ताळेबंद मांडता येणं हा तुझ्या विषयाचा कणा आहे. तो मृदाशास्त्र, पीकशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिन्ही तासांना पुरून उरतो.

एक गणित तुझ्याकडून करून घ्यावंसं वाटतं. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर धर. मातीची घनता घनसेंटिमीटरला १.३३ ग्रॅम धरली, तर त्या थराचं वजन सुमारे २००० टन भरतं. त्यातला सेंद्रिय कर्ब फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचा तर मातीत टिकून राहणारा २ टन कर्ब हवा. टाकलेल्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब जिवाणूंच्या श्वसनातून हवेत परत जातो. समज, दहावा भाग टिकला. म्हणजे २० टन कर्ब टाकायला हवा. वाळलेल्या काडीकचऱ्यात तो ४० टक्के धरला तर ५० टन काडीकचरा लागेल, एका हेक्टरला. मग विचार कर, तो येणार कुठून, किती वर्षांत, आणि कोणाच्या शेतातून उचलून? हे गणित मांडलं म्हणून मातीचा कर्ब वाढवायचं स्वप्न सोडायचं नसतं. एका वर्षात माती पालटण्याचं आश्वासन देणाऱ्या माणसाला कुठे थांबवायचं, एवढं त्यातून कळतं.

याच रांगेतलं कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे काडीकचऱ्यात नत्राच्या किती पट कर्ब आहे ते. गव्हाच्या काडात ते साधारण ८० ला १ असतं. ते काड पेरणीच्या तोंडावर गाडलं, तर कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात आणि नवं पीक पिवळं पडतं. चांगल्या हेतूने केलेल्या कामाचा असा उलटा परिणाम झाला की माणसं ती पद्धतच टाकून देतात. काड महिनाभर आधी गाडलं असतं, किंवा वरच आच्छादन म्हणून ठेवलं असतं, तर चित्र वेगळं दिसलं असतं.

किडींच्या विषयातही असंच. कीड दिसली की मारायची, हा विचार बदलला तो १९५९ च्या सुमारास, जेव्हा कॅलिफोर्नियातल्या कीटकशास्त्रज्ञांनी आर्थिक नुकसानीच्या पातळीची कल्पना मांडली. फवारणीच्या खर्चापेक्षा किडीमुळे होणारं नुकसान मोठं असेल तरच फवारायचं, तोवर मित्रकिडींना, म्हणजे त्या किडीला खाणाऱ्या कीटकांना, त्यांचं काम करू द्यायचं. यात कीटकशास्त्र जेवढं आहे तेवढंच अर्थशास्त्रही आहे. अर्थशास्त्राबद्दल तुझी नाराजी मला समजते, पण ज्या शेतीत शेतकऱ्याचं घर चालत नाही ती जमिनीसाठी कितीही चांगली असली तरी टिकत नाही. आंतरपिकाने जमीन सुधारते आणि निंदणी-काढणीची मजुरीही वाढते. दोन्ही रकाने एकाच कागदावर लिहायची सवय आत्ताच लाव.

शेतीची पार्श्वभूमी नाही, याची लाज बाळगू नकोस. ती उणीव आहे हे मात्र मान्य कर, कारण ती भरून काढता येते. एकच शेत निवड आणि पूर्ण एक हंगाम, पेरणीपासून काढणीपर्यंत, तिथे ठरावीक दिवशी जा. दहा शेतं एकेकदा बघण्यापेक्षा हे फार उपयोगी. वाफसा म्हणजे काय हे पुस्तकात वाचून कळत नाही. पावसानंतर रोज मूठभर माती हातात दाबून बघितलीस, की कोणत्या दिवशी ती चिकटायची थांबून मोकळी होते ते बोटांना कळतं. मग वर्गात मातीतल्या हवेचं आणि पाण्याचं प्रमाण शिकवतील तेव्हा तुझ्याकडे त्याला जोडायला काहीतरी असेल. जिच्या घरी शेती आहे अशी तुझी मैत्रीण हे सगळं जाणते, पण कदाचित तिने त्याची नोंद कधी ठेवली नसेल. तुम्ही दोघी मिळून ठेवा.

सुट्टीतलं प्रशिक्षण निवडताना एकच कसोटी लाव. तिथे मागच्या वर्षांच्या नोंदी दाखवतात का? उत्पन्न, खर्च, मातीची तपासणी, फसलेले प्रयोग. फक्त यशोगाथा सांगत असतील तर दुसरी जागा शोध.

बाबांना सांग, त्यांचा प्रश्न रास्त आहे. ‘शाश्वत शेती तज्ज्ञ’ या नावाची तयार खुर्ची फारशी कुठे नसते. कामं असतात ती माती आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत, बियाणं आणि वाणनिर्मितीत, सिंचनाच्या आखणीत, सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या तपासणीत, पीक विम्यात, शेतमाल विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या पुरवठा विभागात, कृषी विस्तारात आणि संशोधनात. मातीत साठलेला कर्ब मोजून त्याची पडताळणी करणं हेही आता काम झालं आहे. यांतल्या बहुतेक ठिकाणी दारात पदवी विचारतात. आणि आत गेल्यावर विचारतात, शेतात जाऊन नमुना नीट घेता येतो का, आकडे वाचता येतात का, शेतकऱ्याला समजेल असं दोन परिच्छेदांत लिहिता येतं का. पहिल्या काही वर्षांत पगार मध्यम असेल, हेही त्यांच्यापासून लपवू नकोस.

पदवी सोडायचा सल्ला मी कुणाला देईन? जिच्याकडे जमीन आहे, जिला ती स्वतः कसायची आहे आणि जिला बाकी काही नको, तिने वेगळा विचार करायला हरकत नाही. तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही. तुला इतरांच्या शेतांसाठी काम करायचंय. दुसऱ्याच्या एका हंगामाला धक्का लागेल असा सल्ला देण्याआधी आपला पाया पक्का हवा.

आता या आठवड्याचं काम. तुझ्या महाविद्यालयाच्या शेतावर फुलोऱ्याच्या बेतात आलेलं एखादं कडधान्य उभं असेल, तर परवानगी घेऊन दहा झाडं कुदळीने मुळासकट खणून काढ. उपटू नकोस, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं हळूच पाण्यात धू आणि गाठी ब्लेडने कापून बघ. आत गुलाबी-लालसर असतील तर त्या नत्र धरताहेत. पांढरट किंवा हिरवट असतील तर नाही. झाडागणिक किती गाठी आणि त्यांतल्या किती गुलाबी, हे वहीत मांड आणि पुढच्या पत्रात मला कळव.