आयर्लंडसारख्या छोट्या देशाचं पॉप संगीत जगभर कसं पोचलं?

माझ्या मते आपल्या आवाजाची लाज सोडल्यामुळे. साठच्या दशकात तिथले शोबँड नाचाच्या हॉलमध्ये बहुतेक अमेरिकी-ब्रिटिश हिट गाणीच वाजवायचे. १९७६ मध्ये डब्लिनच्या शाळकरी मुलांनी यू-टू हा बँड उभा केला आणि स्वतःची गाणी घेऊन जग जिंकता येतं हे दिसलं. मला मात्र लिमरिक शहरातला क्रॅनबेरीज हा बँड जास्त जवळचा. त्याची गायिका डोलोरेस ओ'रिअर्डनचा स्वर मध्येच तुटतो, पलटतो, तिथे जुन्या आयरिश लोकगायनाची छाया स्पष्ट ऐकू येते; गावाकडचे उच्चारही तिने लपवले नाहीत. १९९२ ते १९९४ सलग तीनदा युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा आयर्लंडनेच जिंकली. पुढे बॉयझोन, वेस्टलाइफ हे बॉयबँड आले, गोड पण साच्यातले. आता उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा नीकॅप हा रॅप गट, ते तर थेट आयरिश भाषेत रॅप करतात!